डायनासोरला आई कुठली आणायची?

आमच्या मामेसासऱ्यांनी जगातली एकही गोष्ट कायमची संपली आहे असं आजवर कधी मान्य केलेलं नाही. टूथपेस्टची नळी ते कात्रीनं उभी चिरतात आणि आणखी चार दिवस दात घासतात. मोडलेली सोयरीक, उडालेला बल्ब, बंद पडलेली एसटीची फेरी, सगळ्यांबद्दल त्यांचं मत एकच, "संपलंय कुटं? थांबलंय." बायकोचे हे सख्खे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. गाव माढा तालुक्यातलं, घर मात्र आता सोलापुरात, शुक्रवार पेठेत. नोकरी जन्मभर पशुसंवर्धन खात्यात केली. कुणाची गाय माजावर आली की निरोप यायचा आणि मामा मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून निघायचे. त्या डब्यातल्या कडाक्याच्या थंडीत वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवलेल्या असत, पेनच्या रिफिलीसारख्या बारीक. पंचक्रोशीतली निम्मी वासरं माझ्या हातची आहेत, असं ते चारचौघांत अभिमानानं सांगतात आणि मामी पदर तोंडाला लावून आत निघून जातात.

अशा माणसाला निवृत्तीनंतर डायनासोर भेटला. नामशेष झालेले प्राणी पुन्हा जन्माला घालायच्या खटपटीला कुठलेसे शास्त्रज्ञ लागलेत, अशी एक बातमी पेपरात आली होती. आम्ही सगळ्यांनी ती वाचली आणि रद्दीत टाकली. मामांनी ती कापून डायरीत ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला धरायला सुरुवात केली. बाकीचे लोक विचारतात, डायनासोर परत आला तर आपल्याला खाईल का? मामांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा प्रश्न गोठ्यातला होता. "उठवायचा झाला, तर त्याला आई कुठली आणायची?" एका लग्नाच्या पंगतीत शेजारी जीवशास्त्राचे प्राध्यापक बसलेत असं कळल्यावर मामांनी त्यांच्या पानावर जिलबीचा आग्रह करता करता हाच प्रश्न घातला. प्राध्यापक म्हणाले, तो अंडी घालणारा प्राणी होता. मामा क्षणभर खट्टू झाले. "म्हंजे आपल्या खात्यातलं न्हाय म्हणा. कोंबडीवाल्यांच्या खात्यातलं." पण लगेच सावरून त्यांनी पुढचं विचारलं, "मग उबवायला कोण बसणार?" प्राध्यापक मठ्ठा न पिताच उठले.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. सगळं शास्त्र इंग्रजीत असल्यामुळे मला ते येतच असणार अशी मामांची समजूत, त्यामुळे रविवारी त्यांच्याकडे गेलं की माझी तोंडी परीक्षा ठरलेली. समोर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, आणि त्या भाकरीहून कडक प्रश्न. त्या काळातला पाला आता उगवत नाही, मग ते जनावर चरणार काय? त्याला रोग आला तर लस कुठली टोचायची? एकदा ते म्हणाले, "आमच्याकडं म्हशीचं रेडकू मेलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवत्यात. ती त्याला चाटती आन पान्हा सोडती. पर ती फसती वासाला, जावईबापू. तुमचं शास्त्र तसलं सोंग उभं करंल, न्हाय म्हणत न्हाय. वास कुटनं आणंल?" मी गुगल केलं. वासाबद्दल तिथंही काही नव्हतं.

या कुतूहलाचं मूळ मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते कळलं शेजारच्या पद्मशाली मावशींमुळे. एका रविवारी मामांच्या मागच्या खोलीतून पांढरा धूर येताना पाहून त्यांनी गॅस फुटला म्हणून तेलुगूत अशी काही बोंब मारली की गल्ली गोळा झाली. मी धावत आत गेलो, तर मामा उघड्या डब्यात नायट्रोजन ओतत उभे, अंगाभोवती वाफेचे ढग, चेहऱ्यावर आरती चालू असल्याचा भाव. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाच्या घरी हा डबा काय करतोय, असं मी मामींना विचारलं.

"त्यात हरण्या हाय," मामी म्हणाल्या.

हरण्या हा मामांच्या वडिलांचा खिलार वळू. मामांनी सरकारी हुकमानं गावोगावच्या गोठ्यात जर्सी आणली, दूध वाढलं, लोकांनी दुवा दिल्या, आणि बघता बघता त्यांच्या स्वतःच्या गावातली खिलारं संपली. वडील जाताना म्हणाले, "सगळ्याच्या दारात नवं नेलंस, आपल्या दारातलं जुनं तेवढं राख." मामांनी एका मित्र अधिकाऱ्याला गळ घालून हरण्या मरायच्या आधीच त्याच्या दहा कांड्या भरून घेतल्या होत्या. आठ वापरल्या. काही गायी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, ज्या गाभण राहिल्या त्यांची वासरं टिकली नाहीत. उरलेल्या दोन कांड्यांसाठी मामा तोलामोलाची आई शोधू लागले. मुलीला स्थळ बघताना कुणी केली नसेल एवढी चिकित्सा त्यांनी केली. एकीची शिंगं नापास, दुसरीची चाल. जेऊरकडची एक सगळ्यात पास झाली, पण ती पाहुण्यांना बघून शेपटी जास्त उडवते म्हणून परतवली. चांगल्या आईची वाट बघण्यात दोन वर्षं गेली आणि लॉकडाऊन आला. नायट्रोजन मिळेना. आमचा सोलापूरचा एप्रिल, आणि डबा कोरडा पडला.

"माठाला गुंडाळावं तसं वलं पोतं गुंडाळून बसले डब्याजवळ," मामी सांगत होत्या. "मी म्हटलं, अवो, ह्येनं काय व्हतंय? तर म्हणाले, मला ठावं हाय काय व्हत न्हाय ते."

कोरड्या डब्यातली कांडी मेली म्हणून समजायचं, हे मामांनीच खात्यातल्या नव्या पोरांना शिकवलेलं. तरी पुरवठा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी डबा पुन्हा काठोकाठ भरला, आणि तेव्हापासून एकदाही रिकामा पडू दिला नाही. दुसरा खिलार वळू मिळत नाही का, असं मी एकदा बावळटासारखं विचारलं होतं. "खिलार मिळंल की," मामा म्हणाले. "हरण्या कुटं मिळंल?"

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका कॉलेजात पुण्याहून एक संशोधक बाई व्याख्यानाला आल्या होत्या. विषय होता, डायनासोर परत येतील का. मामा इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी पहिल्या रांगेत. बाईंनी फार छान समजावलं. प्राण्याची सगळी घडण पेशीत लिहिलेली असते, पण ऊन, पाणी आणि काळ त्या लिखाणाच्या चिंध्या करतात. साडेसहा कोटी वर्षांनी उरतो तो निव्वळ दगड, त्यामुळे डायनासोर काही यायचे नाहीत. मात्र त्यांची लेकरंबाळं पक्ष्यांच्या रूपानं आपल्या अंगणात दाणे टिपतायत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा उभे राहिले. आता उबवणीचं निघणार म्हणून मी मान खाली घातली.

"बाई, ते कोटी वर्षांचं ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पाच-सात वर्षांखालचं असलं तर? मेलेलंच, पर थंडीत ठेवलेलं."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "किती थंड?"

"द्रव नायट्रोजनात."

"अरे वा! मग मेलेल्या पेशीतूनसुद्धा काही करता येण्याची शक्यता असते. आज सहज नाही, पण पुढं येईल. फक्त एक सांगा, मधे कधी ते गरम तर झालं नव्हतं ना?"

सभागृहातले पंखे गरगरत होते. गाय उलटली तर उलटली म्हणून मालकाच्या तोंडावर सांगणारा, कामात एका शब्दाचं खोटं कधी न बोललेला तो माणूस दोन्ही हातांनी सदऱ्याची कड धरून उभा होता.

"न्हाय," मामा म्हणाले. "कवाच न्हाय."

"मग आशा सोडू नका," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर गाड्यावर आम्ही चहा घेतला. एरवी चहावाल्यालाही डायनासोर विचारणारे मामा आज नुसते कपात फुंकर मारत होते. निम्मा कप झाल्यावर म्हणाले, "खोटं बोललो, जावईबापू. खरं सांगितलं असतं तर बाई न्हाय म्हणाल्या असत्या. येवढ्या शिकल्या-सवरलेल्या बाईनं न्हाय म्हटल्यावर मग डबा वतून टाकावा लागला असता की."

साडेसहा कोटी वर्षांना न भिणारा हा माणूस एका 'न्हाय'ला इतका भ्यायला होता, आणि मला त्याची अपार माया आली. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "नायट्रोजन भरायला कधी जायचं, मामा? मी येतो बरोबर."

ते सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत म्हणाले, "बुधवारी जाऊ. सकाळच्याला जरा लौकर या. ऊन चढलं की लई उडून जातंय त्ये."