जोशीकाकांचा पार

आमच्या गोल्फच्या बॅगा वर्षातून एकदा उलट्या केल्या की बॉल ठेवायच्या टी, पावसाळी टोपी आणि चिवड्यातले दाणे एकदमच बाहेर पडतात. किस्से असेच साठत गेले. कोणी मुद्दाम जमवले नाहीत.

इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीहून तासाभरावर एका जुन्या रेल्वेवाल्या शेठची इस्टेट आहे. त्याच्या दगडी हवेलीत आता लग्नं होतात आणि बागेत आम्ही चौघं दर शनिवारी खेळतो : मी, माझा नवरा सुधीर, नागपूरचा वासू आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे जोशीकाका. सुधीरला नियमांचं पुस्तक पाठ आहे, वासूला एकही नियम माहीत नाही. जोशीकाका नऊ वर्षं खेळतायत, पण ठरलेल्या फटक्यांत बॉल होलमध्ये, म्हणजे 'पार', हे त्यांना एकदाही जमलेलं नाही. यंदा ते लेकीकडे दूर चँडलरला कायमचे राहायला जाणार होते. जायच्या आधी एक पार, एवढंच त्यांचं मागणं होतं.

*

एकदा माझा पाय चुकून माझ्याच बॉलला लागला. सवयीने मी वाकून बॉलला हात लावला आणि नमस्कार केला. नेमकं सुधीरने पाहिलं.

"बॉल हलला. एक फटका वाढला."

मी म्हटलं, अरे, नमस्कार केला ना लगेच!

"नमस्काराने पाप जातं. फटका जात नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मी चहा फक्त माझ्यापुरता केला. त्याला ते कळलंसुद्धा नाही, हे आणखी वाईट.

*

सातव्या होलशेजारी शेठच्या कुत्र्यांची दफनभूमी आहे. छोटं कुंपण, छोटे दगड, प्रत्येकावर नाव. वासूचा बॉल तिथे गेला. वासूने कुंपणाबाहेर बूट काढले, मोज्यांवर आत गेला आणि बॉल घेऊन आला. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, कुणाची का असेना, समाधी ती समाधी.

मागून दोन अमेरिकन येत होते. दहा मिनिटांनी त्यांच्यातल्या एकाचाही बॉल तिथेच गेला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बूट काढले.

*

नवव्या होलवर डेबी नावाच्या बाई छोट्या गाडीतून कोक आणि चिप्स विकायला येतात. जोशीकाकांनी पहिल्याच दिवशी त्यांना आग्रह करकरून चकली खायला घातली. त्या नको म्हणाल्या की काका आणखी दोन वाढणार. आता त्या आमच्याजवळ थांबतात, पण काही विकत नाहीत. डबा उघडायची वाट बघतात.

*

आता वासूची खोड. बॉल होलच्या अगदी जवळ असला की मित्र 'दिला' म्हणून उचलून देतात, शेवटचा फटका मारावा लागत नाही. वासूचं मन इतकं मोठं, की बॉल थांबायच्या आधीच तो 'दिला' म्हणतो. एकदा तर त्याने शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाला देऊन टाकला.

*

काकांचा शेवटचा शनिवार. सतरा होल झाले, पार नाही. अठराव्यावर, म्हणजे शेवटच्या होलवर, मात्र त्यांच्या तिसऱ्या फटक्याने बॉल होलपासून दोन हातांवर येऊन थांबला. चौथा आत गेला की पार. हवेलीच्या पायऱ्यांवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चालले होते. आम्ही श्वास रोखून उभे.

आणि वासूने बॉल उचलला. "दिला, काका!"

काकांचा चेहरा पडला. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"वासू, मला तो आत पडलेला ऐकायचा होता रे."

वासू रडवेला झाला. त्याने घाईघाईने बॉल परत ठेवला, पण एकाच हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, नाही, इतका लांब नव्हता, आणि वीतभर अंतरावर ठेवला. काकांनी मान हलवली. खोटा पार त्यांना नको होता.

"सुधीर, तू सांग. तुझं कधी चुकत नाही."

सुधीर पुढे आला. गुडघ्यावर बसला, डोळे बारीक करून गवत न्याहाळलं. मग त्याने बॉल उचलला आणि होलच्या अगदी काठावर ठेवला, इतका की फुंकर मारली तरी आत पडावा.

"इथे होता," तो म्हणाला. "मी नीट बघितलंय."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं, आणि शेवटच्या फटक्यासाठी पटरची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.