ट्विलासाठी प्रार्थना

ट्विला स्टिल्टनर मार्चमधल्या एका मंगळवारी परीक्षेत चौदा गुणांनी नापास झाली, आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी ही गोष्ट अडतीस माणसांना सांगितली. डोळे मिटून, हात जोडून सांगितली, म्हणून तिला चुगली म्हणत नाहीत. आमच्याकडे तिला प्रार्थनेची विनंती म्हणतात.

लिंडी क्रीकच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं पुढच्या खिडकीत बसले. आलेल्याचं नाव लिहून घ्यायचं, विम्याचं कार्ड मागायचं आणि कोण कशासाठी आलंय ते पोटात ठेवायचं. हा शेवटचा भाग मला कधीच नीट जमला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, तरी लोक खिडकीशी येऊन मला सगळं सांगायचे, कारण दुसऱ्यांचंही त्यांना माझ्याकडूनच कळायचं.

ट्विला आत नर्स होती, तेवीस वर्षं. ऑर्बिन लिलीच्या पायाचं बोट कापलं तेव्हा दीड महिना रोज घरी जाताना ती त्याच्या दारात गाडी थांबवून पट्टी बदलायची. त्याचे पैसे तिला कुणी दिले नाहीत, तिनं मागितलेही नाहीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं मनावर घेतलं, म्हणजे स्वतः तपासायचं आणि स्वतः औषध लिहून द्यायचं. त्यामागचं कारण आम्हा सगळ्यांच्या गळ्याशी आलेलं होतं. आमचे डॉक्टर एमिक थकले होते. शहरातल्या ज्या कंपनीचा दवाखाना होता तिनं स्वच्छ कळवलं होतं, की ते निवृत्त व्हायच्या आत औषध लिहून देणारं दुसरं माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर कुलूप. बाहेरचे डॉक्टर येऊन बघून जायचे. नदी बघायचे, बंद खाण बघायची, फोनला रेंज नाही हे बघायचे आणि जेवायलाही न थांबता परत जायचे.

तीन वर्षं ट्विलानं नोकरी करून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करून पदवी मिळवली. पदवीनंतर परीक्षा होईपर्यंत आमच्या राज्यात तात्पुरता परवाना मिळतो. त्यावर तिनं दहा आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली पेशंट तपासले, औषधं दिली, आणि चांगली दिली. पण परीक्षेत नापास झालं की तो परवाना त्याच दिवशी रद्द होतो. सोमवारी औषध लिहिणारी ट्विला बुधवारी पुन्हा वजन आणि बीपी घेणारी नर्स झाली.

त्या सकाळी ती लवकर आली. तिच्या नावावर लागलेल्या सगळ्या वेळा मला डॉक्टरांकडे फिरवायच्या होत्या, म्हणून मला सांगणं भागच होतं.

"किती गुण पडले?" मी विचारलं.

"चारशे शहाऐंशी. पाचशे लागतात." तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "कशात गेले बघ. गरोदर बायका आणि तान्ही मुलं. नेड्रा, शेवटची पोटुशी बाई आपल्या दारात कधी आली होती?"

मला आठवेना. बाळंतपणाचा विभाग इथून सत्तर मैलांवर गेला त्याला नऊ वर्षं झाली, आणि पोर होण्याच्या वयाचे लोक त्याच्या आधीच गेले. आमच्याकडे येतात ती साखर, दमा, गुडघे आणि खाणीच्या धुळीनं गेलेली फुप्फुसं.

"जूनअखेर डॉक्टर निवृत्त व्हायच्या आत पुन्हा देते," ती म्हणाली. "वर्षात दोनच संधी असतात. पण हे ह्या खिडकीबाहेर जाता कामा नये. लोकांचा विश्वास बसायला दहा आठवडे लागलेत."

"अगं, मी काय वेडी आहे का?" मी म्हटलं.

संध्याकाळी चर्चमध्ये आमच्या पाद्रींनी, ब्रदर हर्शलनी, नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या मनावर काही ओझं?" कुणाचं पित्ताशय निघालं, कुणाच्या पुतण्याची कोर्टाची तारीख आली. मग सगळे गप्प. ती शांतता मला सहन होत नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्या ट्विलासाठी प्रार्थना करा. बिचारी परीक्षेत थोडक्यात राहिली."

अडतीस जण एकदम "अरेरे" म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते "अरेरे" मी घडवून आणलं होतं. शिवाय तीन वर्षं ती पुस्तकं घेऊन यायची आणि मी तीच खिडकी पुसत बसायचे, हेही आत कुठेतरी खुपत होतं. प्रार्थना मी मनापासून केली, तेही खोटं नाही. दोन्ही एकाच तोंडानं केलं.

शुक्रवारी ऑर्बिन लिली कागदी पिशवी घेऊन खिडकीशी आला. पिशवीत औषधाच्या बाटल्या.

"नेड्रा, ह्या घेत राहू की फेकून देऊ?"

"का? त्रास होतोय?"

"त्रास कसला, उलट हुशारी वाटतेय. पण लिहून दिल्यात तिनं. आणि ती तर नापास झाली म्हणे."

"अरे बाबा, तुझी साखर तीनशेवीसवरून दीडशेवर आली ना?"

"ते आपोआपही झालं असेल," ऑर्बिन म्हणाला.

ट्विला दारात बीपीचा पट्टा घेऊन उभी होती. ती फक्त म्हणाली, "मिस्टर लिली, आत या, बीपी बघते."

"बघ, बघ," तो म्हणाला, "पण मग खरे डॉक्टर बघतील ना?"

त्या आठवड्यात अशा अकरा पिशव्या आल्या. ओपल मुलिन्सच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ट्विला रात्रंदिवस बसली होती. त्या ओपलनं खिडकीतून मला अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या गोळ्या कुणी दिल्यात तेवढं बघ गं, पास झालेल्यानं की नापास झालेल्यानं?" बाकावरचे हसले. डॉक्टर एमिक चिडून बाहेर आले आणि म्हणाले, की ह्यातलं एकही औषध त्यांनी बदललं नसतं. लोकांनी माना डोलावल्या आणि बाटल्या पिशवीतच ठेवल्या.

शनिवारी बायकांनी ट्विलाच्या घरी सहा डबे नेऊन दिले. कोंबडी घातलेला भात, भाजलेले बटाटे, केळ्याचं पुडिंग. आमच्याकडे घरात माणूस गेलं की असे डबे जातात. प्रत्येकावर चिठ्ठी होती, 'तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे'. एक डबा माझाही होता.

सोमवारी तिनं सहाही भांडी धुऊन आणली आणि माझ्यापुढे एकावर एक आपटली.

"ज्याची त्याला परत कर. तुझ्याच मंडळीतल्या आहेत सगळ्या."

"ट्विला, मी फक्त प्रार्थना करा म्हटलं."

"प्रार्थना नाही केलीस तू. बातमी दिलीस, डोळे मिटून."

"लोकांना तुझी काळजी आहे गं."

"काळजी? तेवीस वर्षं ह्यांचं हगणंमुतणं काढलंय मी. चौदा गुणांत सगळं पुसलं गेलं?" तिचा आवाज चिरकला. "देवाला सांगायचं होतं ना तुला? मग घरी बसून सांगायचंस. देव काय बहिरा आहे?"

उलट मलाच तिचा राग आला, आणि तो राग मी महिनाभर पोसला. माझी चूक आणि वर मीच फुगून बसलेली.

पुढचे तीन महिने ट्विला दुपारी दवाखान्यामागे आपल्या पिकअपमध्ये बसून अभ्यास करायची. पुन्हा बसण्याआधी कच्च्या विषयांचा ठरावीक तास अभ्यास करून कागद पाठवावे लागतात, ते तिनं पाठवले. मागच्या खिडकीतून मला ती दिसायची. एका हातात पेपरोनीचा पाव, दुसऱ्या हातात पत्त्यांसारखी कार्डं, कार्डांवर प्रश्न. कुठल्या महिन्यात कुठली लस, कितव्या आठवड्यात कुठली तपासणी. आमच्या खोऱ्यात कुणाला न होणाऱ्या पोरांचं ती ओठांनी पुटपुटत पाठ करायची. एकदा मी बाहेर जाऊन म्हटलं, "आण, मी प्रश्न विचारते, तू उत्तरं दे." तिनं काच वर केली.

लोक मला विचारायचे, "पुन्हा कधी बसणार?" मी म्हणायचे, माहीत नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला खरोखर माहीत नव्हतं, आणि त्यानं माझा जीव कासावीस व्हायचा. ऑर्बिननं तोवर गोळ्या सोडल्या होत्या. मे महिन्यात त्याचा दुसरा पाय काळा पडायला लागला.

जूनच्या सुरुवातीला ट्विलानं एका शुक्रवारी दाताचं काम आहे म्हणून सुट्टी घेतली. सोमवारी आली, वजनं घेतली, रक्त काढलं, गप्प राहिली. मला वाटलं, दात नव्हे, परीक्षा होती, आणि पुन्हा नापास झाली. मी बुधवारी चर्चमध्ये काही बोलले नाही आणि आपण केवढा मोठेपणा दाखवला असं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

पंधरा तारखेला डॉक्टर एमिकनी मला आत बोलावलं. ट्विला पास झाली होती, गुणही भरपूर होते. आणि नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात, पन्नास मैलांवरच्या दवाखान्यात तिनं नोकरी घेतली होती.

मी धावतच तिच्यापाशी गेले. ती कपाट रिकामं करत होती.

"आधी सांगितलं असतंस तर आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पण आता तर पास झालीस ना. राहा ना इथेच. तुझ्यावाचून ह्याला कुलूप लागेल, ट्विला."

"इथे मी भिंतभर परवाने टांगले तरी ओपल तुला खिडकीत तेच विचारणार." ती शांतपणे बोलत होती, त्यामुळे जास्त लागलं. "परीक्षा मी ह्याच लोकांसाठी दिली होती, नेड्रा. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा माझ्यासाठी दिली."

जूनच्या तीस तारखेला कुलूप लागलं. खोऱ्यात सगळे म्हणाले, पास झाली आणि डोक्यात हवा गेली. मी ऐकून घ्यायचे. खरं काय ते सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण इतर वेळी चुरुचुरु चालणारं तोंड तिथे मात्र बरोबर बंद राहिलं. सप्टेंबरात ऑर्बिनचा पाय गुडघ्याखाली कापला.

नोव्हेंबरात आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत हाताला गाठ लागली. दहा दिवस मी ती कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो भावाला सांगेल, भाऊ बायकोला, आणि बुधवारी कुणीतरी उभं राहील. माझं नाव घेतलं जाईल, अडतीस जण "अरेरे" म्हणतील, आणि मग दुकानात, पोस्टात, सगळे आधी माझ्या छातीकडे बघून मग तोंडाकडे बघतील. अकराव्या दिवशी बाजाराला जाते सांगून मी पन्नास मैल गाडी चालवत गेले.

ट्विलाच्या नव्या दवाखान्याच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं कशासाठी आलात असंसुद्धा विचारलं नाही, कागद दिला आणि त्यावर लिहा म्हणाली.

ट्विला आत आली, दार लावून घेतलं, हात धुतले. मला बघून ती चपापली असेल, पण तसं दिसलं नाही. "इथे बोललेलं बाहेर जात नाही," ती म्हणाली. "हे मी सगळ्यांनाच सांगते."

"ट्विला, मला माफ कर गं," मी म्हटलं आणि रडायला लागले.

"हात डोक्यावर घे."

मी घेतला. तिनं तपासलं, सावकाश, एक बोटभर जागा न सोडता. एकोणीस वर्षं मी त्या हातांपासून एका भिंतीपलीकडे बसले होते, ते इतके हलके असतात हे मला माहीत नव्हतं. मग तिनं सगळं समजावून सांगितलं, कुठली तपासणी, कुठे, किती दिवसांत. घाबरवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही. माफीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"सुई घालून तुकडा काढतील," ती लिहिता लिहिता म्हणाली. "त्या दिवशी सोबत माणूस लागेल, परत गाडी चालवायची नाही. कुणाला आणशील?"

मी एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणला. नवरा, ओपल, ब्रदर हर्शल, सगळी मंडळी. एका शब्दावर धावून आले असते सगळे.

"कुणी नाही," मी म्हटलं.

ट्विलानं मान वर केली नाही. तिनं तसंच लिहून घेतलं.