फौजदारबाईंच्या लेकीचं बाळंतपण

प्रसूतिकक्षातल्या मुख्य नर्सला सगळे फौजदारबाई म्हणायचे, अर्थात त्यांच्या माघारी. हात न धुता आत येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही त्या दारातूनच परत फिरवत. "पाण्याची पिशवी फुटली की आतून तपासायचं ते गरजेपुरतंच. दर वेळी जंतू आत जातात. बाळ काय पळून जाणार आहे?" हे नव्या पोरींनी इतक्यांदा ऐकलं होतं, की चहाच्या वेळी त्याची नक्कल व्हायची.

मग त्यांची लेकच बाळंतपणाला आली. बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले, पहिली खेप. सकाळीच पाणी गेलं आणि कळा काही जोर धरेनात.

आता फौजदारबाईंची लेक म्हटल्यावर मागे कोण राहणार? ड्यूटी बदलली तशी नवी डॉक्टर म्हणाली, "बाई, एकदा बघून घेते हं." मोठे डॉक्टर चहा अर्धा टाकून आले. सुट्टीवरची एक डॉक्टरीणही वाट वाकडी करून आली. जो आला त्याने हातमोजा चढवला, तपासलं आणि "होईल, होईल" म्हणून गेला. बाईंना कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण आपल्या माणसापुढे शहाणपण गहाण पडतं. प्रत्येक जण येऊन गेला की त्यांना धीर वाटायचा.

त्यात पोटावरचा पट्टा सरकून बाळाचे ठोके मध्येच हरवायचे. त्यांचा जीव टांगणीला लागला. "डोक्यालाच तार लावा हो," त्या स्वतःच म्हणाल्या. आतून बाळाच्या डोक्याच्या कातडीत बारीक तार टोचली गेली, ठोके स्वच्छ ऐकू आले आणि बाई निर्धास्त झाल्या. शेजारच्या खाटेकडे त्या दिवशी कुणी फारसं फिरकलं नाही. ती बाई दुपारी सुखरूप मोकळीही झाली.

संध्याकाळी लेकीला ताप भरला. पाण्याला वास येऊ लागला. नात झाली ती मलूल, रडली तीही जेमतेम. जंतू तिच्या रक्तात उतरले होते. औषधांनी लेकीचा ताप उतरला, नातीला मात्र काही लागू पडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

जावई सासूजवळ येऊन बसला. "आई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून एवढ्या लोकांनी येऊन पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या मुलीला कोण विचारतं?"

"खरंच, आई," लेक म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "पुढच्या वेळी पण मला इथेच आण. तुझ्याच हाताखाली."

बाईंनी नुसती मान हलवली. खरं सांगायची हिंमत त्यांना त्या दिवशी झाली नाही, आणि पुढेही कधी होणार नव्हती.