पुतळाबाईंची फोडणी आणि चिंग शीचा तह

पुतळाबाई फोडणी आधी देऊन ठेवत नाहीत. माणूस टेबलाशी बसला, वाटीत उडदाची आमटी वाढली, की लोखंडी पळीत तेल तापवायचं, सालासकट ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरच्या टाकायच्या, लसूण तांबूस झाला की पळी नेऊन समोरच्या वाट्यांवर ओतायची. चर्र आवाज होतो, जेवणारा खोकतो, आणि मग जेवायला लागतो.

अंबडच्या कारखान्यांमागे एका चार मजली इमारतीत तळमजल्यावर त्यांचा भाड्याचा गाळा आहे. माहेर निफाडकडचं. नवरा गेल्यावर इथे आल्या, त्याला सतरा वर्षं झाली. दुपारच्या सुट्टीत साठेक कामगार जेवायला येतात, संध्याकाळी थोडे. मी वाचनालयातून निवृत्त झालेला, घरी एकटा, त्यामुळे माझंही जेवण तिथेच. त्यांच्याबद्दल लिहिता येणाऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी प्रयत्न करतो आहे.

गर्दी ओसरेपर्यंत मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतो. यंदा ज्येष्ठात समुद्रावर दरोडे घालणाऱ्या बायकांचा इतिहास वाचत होतो. कसलं पुस्तक, असं पुतळाबाईंनी विचारलं. मी चिंग शीबद्दल सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी चीनच्या समुद्रात तिचा नवरा चाच्यांचा म्होरक्या होता. तो मेल्यावर शेकडो जहाजं आणि हजारो माणसं तिने हाती घेतली. लूट लपवणाऱ्याची ती गय करत नसे. बादशहाचं आरमार चालून आलं, तर त्यालाही तिने मागे लोटलं. आता या लढाईचं विचारतील असं मला वाटलं.

"एवढ्या मानसांचं रांधायचं कोन?" त्यांनी विचारलं.

ते पुस्तकात नव्हतं.

"मग लिहिनारा आयता जेवनारा असंल," असं म्हणून त्या पळी घासायला गेल्या.

आषाढ लागला आणि इमारतीच्या कमिटीची चिठ्ठी आली. एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो, वरच्या मजल्यांवरचे लोक चार महिने कांदा-लसूण खात नाहीत, तरी लसणाची फोडणी बंद करावी, नाहीतर गाळा सोडावा. खाली सेक्रेटरी दीपक यांची सही. गाळामालकाने कमिटीचं ऐका म्हणून सांगून टाकलं. लसूण नसेल तर कामगार दुसरीकडे जातील, आणि गाळा गेला तर पुतळाबाईंपुढे निफाडला भावाच्या दारात जाण्यावाचून काही उरत नव्हतं.

मला राग आला. मी तीन पानी अर्ज लिहिला, त्यात कायद्याची कलमं घातली, त्यांना वाचून दाखवला आणि चिंग शीसारखं लढा म्हणालो. त्यांनी अर्ज नीट ऐकून घेतला.

"ती बाई शेवटी मेली कशी?"

मी ते सांगायचं टाळलं होतं, कारण मला ती हार वाटत होती. शेवटी चिंग शी हत्यार न घेता, काही बायका आणि मुलं बरोबर घेऊन सुभेदाराच्या दारात गेली, समोर बसून बोलली आणि आपल्या माणसांना माफी मिळवून परत आली. पुढे म्हातारी होऊन घरात मेली.

"मग हे आधी सांगायचं ना, भाऊ," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कांदेनवमी होती. चातुर्मास धरणारे त्या दिवशी कांदा-लसूण पोटभर खाऊन घेतात. पुतळाबाईंनी डबाभर आमटी घेतली, वरून फोडणी ओतली आणि दुसऱ्या मजल्यावर दीपकच्या घरी गेल्या. जिना चढायला सोबत म्हणून मला नेलं. अर्ज माझ्या खिशातच राहिला.

दीपकने दार उघडलं आणि चिठ्ठीचं बोलायला लागला. पुतळाबाई त्याच्या आईसमोर, धोंडाबाईंसमोर, जाऊन बसल्या. धोंडाबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. डबा उघडल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"चिठ्ठी मीच लिहायला लावली," धोंडाबाई म्हणाल्या. "वासाचा राग नाय गं मला. छत्तीस वर्सं नेम पाळला. मागल्या श्रावणात वाटी घेऊन अर्धा जिना उतरले होते तुझ्याकडं. यंदा पुरा उतरंन, म्हनून भ्या वाटतं."

दीपकला त्या अर्ध्या जिन्याचं काहीच माहीत नव्हतं.

पुतळाबाई हसल्या नाहीत. "मावशी, तुमी घरात कधी नसता?" एवढंच त्यांनी विचारलं. चार महिने सकाळी दहा ते साडेअकरा मंदिरात पोथी असते, असं कळलं. मग ठरलं. लसूण तेवढ्या वेळात तळायचा आणि सगळी फोडणी एकदम पातेल्यात घालून झाकण ठेवायचं. संध्याकाळी नुसती जिऱ्याची. दीपकने चिठ्ठी मागे घेतली. धोंडाबाईंनी त्या दिवशी दोन वाट्या आमटी खाल्ली.

सतरा वर्षांची ताटावरची फोडणी पुतळाबाईंनी अशी चार महिन्यांसाठी सोडून दिली. कामगार कुरकुरले. तिघं-चौघं दुसऱ्या खानावळीत गेले, त्यातले दोघं परतही आले.

गेल्या आठवड्यात पोथी वाचणाऱ्यांचा घसा बसला आणि मंडळी लवकर उठली. पावणेअकरालाच धोंडाबाई फाटकाशी आल्या, तर आत लसूण ऐन रंगात. त्या आत आल्या नाहीत. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर, नाकाला पदर लावून, रस्त्याकडे तोंड करून बसल्या. हाकही मारली नाही.

पुतळाबाईंना त्या खिडकीतून दिसल्या. त्यांनी गॅस बंद केला, कढई फडक्याने धरून मागच्या दाराने लांब नेऊन झाकून ठेवली, पंखा लावला आणि बाहेर गेल्या.

"चला मावशी, जिना चढवते."

म्हातारी त्यांचा हात धरून वर गेली. त्या दिवशी साठ माणसांच्या आमटीला जिऱ्याची फोडणी पडली. खोटं कशाला सांगू, चव नव्हती. लसूण कुठाय म्हणून एकाने विचारलं, तेव्हा पुतळाबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "आज असंच खा."