नानांच्या मेसेजखालचे हात

आमच्या भाऊबंदांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो चालवतात नाना, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रोज सकाळी ते त्यावर काहीतरी टाकतात. कधी देवाचा फोटो, कधी सुविचार, कधी मेथीच्या पाण्याने गुडघे बरे करायचा उपाय. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागते. उघडून कुणी पाहत नाही. हात जोडले नाहीत तर पुढच्या लग्नात नाना पंगतीत सगळ्यांदेखत विचारतात, "काय, मोठा व्हयी गया का तू?" एकदा त्यांनी म्हैस विकायची म्हणून तिचा फोटो टाकला, तर तिच्याही खाली पंधरा-वीस जणांचे हात जोडलेले. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले तेव्हा शिष्ट ठरले. धुळ्याच्या देवपुरात शाळेत शिकवते म्हणून अर्धी शिष्ट आधीच होते.

शाळेत दर वर्षी ‘मुली आणि मोबाईल’ यावर मलाच बोलायला लावतात. मुलींना हॉलमध्ये बसवतात आणि मुलांना मैदानावर सोडतात. मुलांनाही बसवा, असं मी दर वेळी म्हणते, आणि दर वेळी कुणीतरी हसून म्हणतं, "मॅडम, त्यांना काय गरज?" त्या हसण्याची मला चीड येते. तरी मुलींना सांगायचं ते सांगते. कुणी तुमचा फोटो, व्हिडिओ वाईट रीतीने टाकला तर घाबरू नका. पुसून टाकण्याआधी पुरावा ठेवा. त्या ॲपवरच तक्रार करा, मैत्रिणींनाही करायला लावा. आणि घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. हे शेवटचं वाक्य म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते.

गेल्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. तो एरंडोलच्या पुढे, हायवेपासून आत, गावी शेती करतो.

"अक्का, पोर बोलत नही मनासंगे. खाली मान घालीसन बठेल शे. तू मास्तरीन शे, तू समजाड तिले. रविवारे मळामा भरीत शे, येस ना?"

काय झालं ते त्याने सांगितलं नाही. भावजयीने सांगितलं. गावातल्या एका लग्नात हळदीला पोरी नाचल्या, त्यात अकरावीतली माझी भाची होती. आमच्याकडे हळदीला डीजे लागला की सत्तरीच्या बायाही नाचतात, त्यात नवल नाही. नवरदेवाच्या एका वयाने मोठ्या दोस्ताने मात्र तेवढीच एक पोर निवडली. तिला न विचारता, जवळून, फक्त तिचाच व्हिडिओ काढला. मग तो संथ केला, वर एक घाणेरडं गाणं चढवलं आणि रील म्हणून सोडून दिला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. सोळा वर्षांच्या पोरीबद्दल तसं लिहिणाऱ्या माणसांच्या घरी आई-बहिणी असतात, ते संध्याकाळी जेवायला बसतात, त्यांना कुणीतरी गरम भाकरी वाढतं, हा विचार आला की मला अजून शिसारी येते.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक नीच माणूस म्हणून सोडलं असतं. पण नानांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘पालकांनो, जागे व्हा. आपल्या मुलींवर लक्ष ठेवा.’ म्हणजे ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना घरपोच. शिवाय पाहणाऱ्याला लाजायचं कारण उरलं नाही, कारण तो पाहत नव्हता, जागा होत होता. सगळ्या भाऊबंदांत तो फिरला आणि प्रत्येकाने पुढे ढकलताना त्याच उपदेशाचं वेष्टन ठेवलं. मला त्या दोस्तापेक्षा या नाकाने कांदे सोलणाऱ्यांची किळस जास्त वाटली.

भावाला हे चारचौघांत कळलं. त्याने घरी येऊन पोरीचा फोन हिसकावला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. जळगावचा क्लास बंद केला. बारावी झाली की स्थळं पाहू, असं भावजयीला सांगून टाकलं. पोरीला फार्मसीला जायचं होतं आणि क्लासच्या सगळ्या नोट्स त्याच फोनवर यायच्या. ज्याने व्हिडिओ काढला त्याचा फोन त्याच्या खिशात, ज्यांनी फिरवला त्यांचे त्यांच्या खिशात, आणि कुलपात कुणाचा, तर जिचा काढला तिचा.

रविवारी मी धुळ्याहून बस धरली. मळ्यात पोहोचले तेव्हा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटला होता आणि त्यात हिरवी वांगी भाजायला टाकली होती. बाया एका बाजूला कांद्याची पात चिरत होत्या. पुरुष जाळाभोवती. भाची घरीच होती, ‘लोक येतीन’ म्हणून तिला आणलं नव्हतं.

मी पातीची जुडी हातात घेतली आणि जाळाकडून त्या व्हिडिओचं गाणं ऐकू आलं. भावजयीची सुरी थांबली. खाटेवर नाना बसले होते, फोन लांब धरून, आणि त्यांचे दोन जावई खांद्यावरून वाकून पाहत होते. एकाचं तोंड उघडं होतं. पोरीचा बाप दहा पावलांवर काडीने वांगी उलटत होता, खाली मान घालून. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही.

मी गेले आणि नानांच्या हातातून फोन काढून घेतला. सत्तरी उलटलेल्या माणसाशी मी आयुष्यात असं वागले नव्हते.

"नाना, ही आपल्या घरातली पोर आहे."

"म्हणीसन तर टाकं," नाना शांतपणे म्हणाले. "सगळासना भलासाठे टाकं मी. पोरीसवर ध्यान ठेवाले नको का?"

"पाहताय कितव्यांदा?"

एक जावई जाळात फुंकर मारायला वाकला, जाळ चांगला पेटलेला असताना. मी सांगितलं, हा व्हिडिओ आत्ता ग्रुपवरून काढून टाकला नाही तर उद्या जळगावला पोलिसांकडे जाईन आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी देईन. नानांनी चष्मा लावून बटण दाबलं. त्यांच्या फोनातून गेला. बाकीच्यांकडून जाईना, टाकून फार दिवस झाले होते. आता ज्याने त्याने आपापला काढायचा. मी जावयांकडे पाहिलं, तर दोघांनाही एकदम विहिरीवरची मोटर आठवली.

भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला होता. तो वास म्हणजे माझं माहेर. त्या दिवशी मात्र मी जेवायला थांबणार नव्हते.

"घरी चल," मी भावाला म्हणाले. "कपाटाची किल्ली घे."

"अक्का, भरीत..."

"चल."

भाची माजघरात पुस्तक उघडून बसली होती. बापाने कपाट उघडलं, फोन बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला, तिच्या नाही. मी तो तिला दिला. तिने तो चार्जरला लावून सुरू केला.

मग तिने जे दाखवलं त्याने मला माझ्याच भाषणांची कीव आली. मी हॉलमध्ये सांगते ते सगळं या पोरीने कुणी न सांगता केलेलं होतं. व्हिडिओचे आणि खालच्या घाणीचे फोटो काढून ठेवले होते. तक्रार केली होती. क्लासच्या मैत्रिणींकडूनही करवली होती. आणि उत्तर येऊन पडलं होतं, ती रील काढून टाकल्याचं. फोन कपाटात असताना आलं होतं. तिचं काम झालं होतं आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं.

"रील गेली," ती मला म्हणाली. "आता फक्त आपल्या लोकांकडे आहे."

भावाने सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहत होता.

"मंग तू बोलत काब्र नही मनासंगे? लाज वाटी राहिनी का? मी काही म्हणाव नही आते."

"मला कशाची लाज, पप्पा? मी नाचले फक्त." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "नानांनी तो व्हिडिओ टाकला ना, तेव्हा मला काकाच्या मुलीने तिच्या फोनवर दाखवला. त्याच्याखाली पहिले हात तुमचे होते."

भावाला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याचा चेहरा असा उतरलेला मी वडील गेले तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

"मी उघाडंच नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही नानांचं काहीच उघडत नाही."

त्याने आपला फोन काढला. बराच वेळ अंगठ्याने एकेक अक्षर शोधत राहिला. ग्रुपवर त्याने आजवर हातांखेरीज काही पाठवलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्याने मला वाचायला दिलं: ‘ती मनी आंडेर, मनी पोर शे. ज्यासना फोनमा व्हिडिओ शे, आज काढी टाका. मीबी नीट पाहं नही, हात जोडी दिन्हात. मनी चूक.’

पाठवलं. आम्ही तिघंही त्या फोनकडे पाहत होतो. मळ्यातून पहिले हात आले, नानांचे. मग एका जावयाचे. मग दुसऱ्याचे. मग चाळीसगावचे, शिंदखेड्याचे, सुरतेचे भाऊबंद, भराभर, जोडलेले हात. ‘काढला’ असं एकानेही लिहिलं नाही.

भाऊ ते पाहत राहिला. मग फोन पोरीपुढे धरून म्हणाला, "माले यामातून बाहेर काढ."

तिने कुठे दाबायचं ते दाखवलं, पण दाबलं नाही. "हे तुम्ही करा," ती म्हणाली.

त्याने दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला निघाले, तेव्हा साडेसहाच्या जळगाव बसला तोही तिला क्लाससाठी सोडायला आला. फोन तिच्या हातात होता. बस हलेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता आणि तिने त्याच्याकडे अजून पाहिलेलं नव्हतं.