चार वाजताची रेघ

जगातली एखादी वस्तू धडधाकट आहे, हे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने आजवर एकदाही मान्य केलेलं नाही. आमचे हे भावोजी बोईसरच्या एका कारखान्यात पवनचक्कीच्या फायबरच्या पात्यांना सेन्सर चिकटवतात. पातं बाहेरून चकचकीत असतं, पण आतले थर सुटू लागले तर डोळ्यांना दिसत नाही. बारीक वायरींतून कळतं आणि स्क्रीनवरच्या रेघेत उमटतं. इथवर ठीक. पण तीच नजर घेऊन माणूस घरी येतो, हा खरा घोटाळा. सालवडला त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी टकटक करून कान लावला नाही असं एक दार उरलेलं नाही. आमच्या नवापूरला मुलगी पाहायला आले, तर चहा येईपर्यंत मोरीवरची पाण्याची टाकी वाजवून मोकळे. "डावीकडून सुटतेय," एवढंच बोलले. पोरगी बघाय आला नि टाकी बघून गेला, म्हणून आई धुसफुसत राहिली. सुपारी फुटायच्या आधी टाकी फुटली, तीही डावीकडून, तेव्हा कुठे आईने जावई पसंत केला.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांची वक्रदृष्टी माझ्या फायबरच्या होडीकडे वळली. मासेमारी बंद, होडी अंगणातल्या मांडवात पालथी. यांनी आत शिरून सहा सेन्सर चिकटवले, एक डबी बसवली, आणि रेघ थेट त्यांच्या मोबाईलवर. तिसऱ्या दिवशी स्कूटर दामटत हजर. "होडी रोज चार वाजता वाकते," म्हणाले. आवाज आनंदाने कापत होता. कोरड्या जमिनीवर होडी कशी वाकेल? आम्ही सगळे चारची वाट बघत बसलो. चारला आमची आत्या आली, पदर खोचला आणि नेहमीसारखी होडीवर टेकली. रेघ टुणकन वर.

दुसरा कोणी शरमला असता. भावोजींना लॉटरीच लागली. "आत्या, आता तिकडे बसा. आता इकडे." आमची आत्या अंगाने भरभक्कम. अख्खी आळी जमली, आणि आत्या राणीसारखी होडीवर सरकत राहिली. एका जागेपाशी मात्र ती अडली. "तिथं मी बसत नाय. खाली मऊ लागते." भावोजींनी आग्रहाने बसवलं. ती उठली तरी रेघ खाली येईना.

नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर. रंग झालेला, धाकट्या भावाला घेऊन मीच होडी काढणार होतो. भावोजी म्हणाले, "इथे कापायचं." माझं डोकंच फिरलं. "माझी होडी हाय, तुमचं पातं नाय." ते शांतपणे म्हणाले, "आत काही निघालं नाही, तर पुन्हा तुमच्या अंगणात पाय ठेवणार नाही. पण तुम्ही दोघं भाऊ हिच्यात बसणार आहात." तळहाताएवढा तुकडा कापला. आतून खारं पाणी ओघळलं आणि थर कांद्याच्या सालीसारखे सुटून आले. आईने धाकट्याचा हात घट्ट धरला. मी आठ दिवस उशिरा दर्यात गेलो, पण गेलो आणि परत आलो.

आता कारखान्याने भावोजींना लांब कुठल्या माळावर पाठवलंय. रेघ तिथेही जाते. यंदा पावसाळ्यात होडी पुन्हा पालथी घातली आणि आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, ती अंथरुणाला खिळली. पहिल्याच दिवशी सव्वाचारला फोन. "रेघ हलली नाही. आत्यांना काय झालं?" त्यांना घोर नको म्हणून दुसऱ्या दिवशी मी बसलो. लगेच फोन. "हे आत्या नव्हेत."

तेव्हापासून रोज चारला आम्ही दोघे भाऊ आत्याला खुर्चीसकट उचलून आणतो आणि होडीवर टेकवतो. ती विचारते, "दिसले काय रे त्याला?" मी हो म्हणतो. आत्या वाळत चाललीय. रेघ दर आठवड्याला थोडी कमी चढत असणार, आणि एवढंसं वाकलेलंही ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्या भावोजींनी याबद्दल अजून एकदाही फोन केलेला नाही.