ताईची किडनी

हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. तोंडाला मास्क, बोटं पिवळी. मोंढ्याच्या बाजारात हळद पारखायचं त्याचं काम. खिशातलं हळकुंड कानाजवळ धरून त्यानं मोडलं आणि आवाज ऐकून म्हणाला, "कडक वाळलीय. हिला बुरशी धरत न्हाई."

बुरशी त्याच्याच फुप्फुसात झाली होती. ताईनं दिलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या खात होता. बुरशीला तेवढंच फावलं.

"गोळ्या सोडाव्या तर किडनी जाते, खाव्या तर बुरशी वाढते. डाक्टर म्हणते, दोन्हीची औषधं घ्या. तुमाला समजून राहिलं का?"

मला समजत नव्हतं, तरी मी मान हलवली.

डोंगरकडा गाव मागं पडल्यावर त्यानं मास्क खाली करून गोळी गिळली आणि ओटीपोटावर हात ठेवला.

"माझं अंग ताईला परकी समजते अन् बुरशीला घरात घेते. काहून?"

तेवढ्यात फोन वाजला. हळकुंड ऐकलं होतं तसंच मान वाकडी करून त्यानं ऐकलं.

"व्हय ताई," तो म्हणाला, "बरी हाय तुझी किडनी. तुलाच इचारून राहिली."